आरोग्य विमा योजना पैशाच्या हिशेबात यशस्वी होतेय का? नाशिकमध्ये बसून तपासायची पद्धत

गेल्या वर्षी माझ्या मावसभावाची अँजिओप्लास्टी नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात सरकारी आरोग्य विमा योजनेतून झाली. तो कळवणचा, केशरी कार्डवाला. डिस्चार्जच्या कागदावर रुग्णाने भरायची रक्कम शून्य होती. वहिनीने मात्र एका पाठकोऱ्या कागदावर सगळा खर्च मांडून ठेवला होता. मंजुरी येईपर्यंतच्या तपासण्या, बाहेरून आणायला लावलेली औषधं, कळवणहून केलेली गाडी, सोबतच्या दोघांचं राहणं-खाणं आणि घरी परतल्यावर महिनाभराच्या गोळ्या. बेरीज ४१,३०० रुपये, आणि त्यातले तीस हजार नात्यातून हातउसने. भाऊ वाचला, त्याबद्दल योजनेचे उपकारच मानतो. पण सरकारी तक्त्यात त्या उपचारासमोर शून्य आणि वहिनीच्या कागदावर एकेचाळीस हजार, हे दोन आकडे एकत्र ठेवून बघायला कोणी नाही, हे मला टोचत राहिलं.

मी तीस वर्षं पतसंस्थांचे हिशेब तपासले. तिथे एक गोष्ट अंगी लागते: एका खात्याची शिल्लक चांगली दिसली, की दुसऱ्या कुठल्या खात्यातून रक्कम इकडे वळवली आहे का, ते आधी बघायचं. आरोग्य विम्यात अशी तीन खाती आहेत. एक सरकारी खजिन्याचं, दुसरं रुग्णालयाचं, तिसरं घरचं. पहिल्या खात्यात पैसे उरले म्हणून योजना यशस्वी म्हणता येत नाही. रुग्णालयाचं बिल थकवूनही ते उरतात, आणि वहिनीसारख्या बाईने ते भरले तरीही उरतात. खाली दिलेली पद्धत ही तीनही खाती शेजारी-शेजारी मांडण्याची आहे. कॅलक्युलेटर, एक वही आणि थोडी चिकाटी पुरते.

पहिलं काम: तारखांचं पान

वहीच्या पहिल्या पानावर योजनेत काय-काय बदललं ते तारखेनिशी लिहा. महाराष्ट्रात ही गोष्ट २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचं धुळे त्यात होतं, आपलं नाशिक नव्हतं. नाशिकसह उरलेले जिल्हे २१ नोव्हेंबर २०१३ ला आले. १ एप्रिल २०१७ पासून नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, तेव्हा संरक्षण कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं होतं. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना रांचीत सुरू झाली, पाच लाखांची. १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सगळ्या शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांचं संरक्षण मिळालं, आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, केंद्राच्या योजनेत घेतलं.

या तारखांचा उपयोग पुढे पदोपदी होतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी आकड्यांची मालिका तुटते. २०२३ चा खर्च आणि २०२५ चा खर्च सरळ शेजारी ठेवून 'वाढला' किंवा 'आवरला' असं म्हणणं म्हणजे दोन एकरांची बाग आणि पाच एकरांची बाग यांचं उत्पन्न एकाच मापाने मोजणं. तुलना करायची तर दोन तारखांच्या मधल्या वर्षांत करा.

खजिन्याचं खातं

अर्थसंकल्पात एकाच योजनेसमोर तीन प्रकारचे आकडे असतात: अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. बातमीत बहुतेक वेळा पहिला येतो. तुम्ही तिसरा शोधा. तो दोन वर्षांनी छापला जातो, म्हणून जुनी पुस्तिकाही काढावी लागते. केंद्राच्या योजनेसाठी २०१९-२० मध्ये ६,४०० कोटींची तरतूद होती, सुधारित अंदाजात ती ३,२०० कोटींवर आली. अर्धे पैसे उरले. ही काटकसर मानायची का? अजिबात नाही. योजना नवी होती, कार्डं वाटायची होती, रुग्णालयं जोडली जात होती. पैसे उरण्याचं कारण लोकांपर्यंत न पोहोचणं हेच होतं. २०२३-२४ मध्ये ७,२०० कोटींचे सुधारित ६,८०० झाले, आणि २०२५-२६ साठी तरतूद ९,४०६ कोटींची होती.

एवढ्यावर थांबू नका. केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांपुरता महाराष्ट्रात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. त्या यादीबाहेरच्या शिधापत्रिकाधारकांचा भार राज्याचा. म्हणून दिल्लीचा आकडा एकटा वाचला तर महाराष्ट्राचं चित्र अर्ध्याहून कमी दिसतं. राज्याचा खर्च सार्वजनिक आरोग्य विभागाच्या मागण्यांमध्ये, २२१० या मुख्य लेखाशीर्षाखाली सापडतो. राज्याच्या 'बीम्स' या प्रणालीवर मंजूर, वितरित आणि खर्च झालेली रक्कम बघता येते. अधिवेशनात मांडल्या जाणाऱ्या पुरवणी मागण्याही चाळा. दरवर्षी याच योजनेसाठी पुरवणी मागणी येत असेल, तर मूळ तरतूद मुद्दाम कमी दाखवली जातेय असं मी तरी समजतो.

आता सगळ्यात नाजूक भाग. इथे जाणकारही चुकतात, म्हणून सावकाश जाऊ.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हे पटकन कळेल. तो एप्रिलच्या खरड छाटणीपासून पैसे ओतत जातो, माल हातात येतो पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला. त्यामुळे डिसेंबरात वही उघडली तर तोटाच दिसणार. विम्यात याच्या उलट होतं. हप्ता आधी जमा होतो, खर्च मागून येतो. म्हणून वर्षाअखेरीला वही उघडली की नफाच दिसतो, आणि तो खरा नसतो.

एक मानलेलं उदाहरण घ्या. एक लाख कुटुंबं, प्रत्येकामागे सरकारने भरलेला हजार रुपये हप्ता, म्हणजे दहा कोटी. ३१ मार्चपर्यंत २,००० दाव्यांचे पैसे चुकते झाले, सरासरी तीस हजार. खर्च सहा कोटी. साठ टक्के! कोणीही म्हणेल, चार कोटी वाचले. पण ६०० दावे छाननीत अडकलेत, त्यांचे एक कोटी ऐंशी लाख. आणखी २०० रुग्णांना मार्चमध्ये घरी सोडलं, पण रुग्णालयाने कागद अजून चढवलेच नाहीत, त्यांचे साठ लाख. झाले आठ कोटी चाळीस लाख. वर आरोग्यमित्रांचे (रुग्णांच्या मदतीला रुग्णालयात बसवलेल्या योजनेच्या माणसांचे) पगार, छाननी करणाऱ्या कंपनीचा मोबदला, संगणक यांचे एक कोटी वीस लाख. उरले फक्त चाळीस लाख. चार कोटींची शिल्लक एक दशांशावर आली.

त्यामुळे कोणत्याही वर्षाचा निकाल ते वर्ष संपल्यावर निदान सहा महिन्यांनी काढा, आणि दावे उपचाराच्या तारखेनुसार मोजा, पैसे चुकते केल्याच्या तारखेनुसार नको. मी हे हट्टाने सांगतो. योजनेच्या यशाच्या घाईघाईने केलेल्या घोषणा याच ठिकाणी घसरतात.

पुढचं पाऊल, एकूण खर्चाचे दोन तुकडे करायचे: हजार कुटुंबांमागे किती दावे आणि एका दाव्याची सरासरी किती. वरच्या उदाहरणात हजारी २८ दावे आणि तीस हजार सरासरी, म्हणजे कुटुंबामागे ८४० रुपये. समजा पुढच्या वर्षी पन्नास हजार पांढरी कार्डं जोडली. यातल्या अनेकांकडे स्वतःची मेडिक्लेम असते, ते योजनेकडे फारसे वळत नाहीत, म्हणून त्यांच्यात हजारी फक्त ६ दावे आले. आता दीड लाख कुटुंबांत ३,१०० दावे, म्हणजे हजारी जेमतेम २१. कुटुंबामागचा खर्च ८४० वरून ६२० वर आला. एकाही रुग्णाचा उपचार स्वस्त झालेला नाही, फक्त भाजक वाढला. १ जुलै २०२४ नंतरचे आकडे वाचताना पिवळं-केशरी वेगळं आणि पांढरं वेगळं मागा. सत्तरीपुढच्यांचंही तसंच, फक्त तिथे धक्का उलट दिशेने बसतो. या वयात दाखल होण्याचं प्रमाण जास्त असल्यामुळे सरासरी वर जाते, आणि तो कारभाराचा दोष नसतो.

विमा कंपनी मध्ये आहे की सरकार थेट रुग्णालयाला पैसे देतंय, तेही बघा. कंपनी असेल तर हप्त्यातले न वापरलेले पैसे सरकारकडे परत येण्याचं कलम करारात आहे का आणि प्रत्यक्षात किती परत आले, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. थेट पद्धतीत नफ्याचा प्रश्न नसतो, पण दाव्यांचा महापूर आला तर तो अंगावर घ्यायला मध्ये कोणी नसतं.

रुग्णालयाचं खातं

इथे एकच गोष्ट मनापासून तपासा: थकबाकीचं वय. केंद्राच्या योजनेत राज्यातल्या दाव्याचे पैसे पंधरा दिवसांत आणि परराज्यातल्या रुग्णाच्या दाव्याचे तीस दिवसांत द्यायचा दंडक आहे. थकबाकी एकूण किती, या आकड्यावरून काहीच कळत नाही. पंधरा दिवसांच्या आतली किती, पंधरा ते साठ दिवसांची किती, साठच्या पुढची किती, असे गट हवेत. पतसंस्थेत थकीत कर्जाचं वय बघतात तसंच. साठच्या पुढचा गट वर्षागणिक फुगत असेल, तर योजना रुग्णालयाच्या खिशातून उधारीवर चाललेली आहे, आणि ते रुग्णालय ही उधारी वहिनीकडून वसूल करणार.

ही वसुली कशी होते, ते आम्ही पाहिलं. 'हे इंजेक्शन पॅकेजात बसत नाही', 'मंजुरीला वेळ लागेल, तोवर भरून ठेवा, मग बघू'. (पॅकेज म्हणजे त्या उपचारासाठी योजनेने ठरवून दिलेली ठोक रक्कम.) असं झालं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे लेखी द्या, नाहीतर १५५३८८ किंवा १४५५५ वर तक्रार नोंदवून क्रमांक वहीत लिहा. आम्ही हे केलं नाही. त्या वेळी भावाच्या छातीकडे बघायचं की फोन लावायचा, असा प्रश्न होता, आणि तो प्रत्येक घरात असतो. म्हणूनच तक्रारींची संख्या कमी आहे या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरं, यादीतली रुग्णालयं आणि चालू रुग्णालयं यांत फरक करा. यादीत असून गेल्या तीन महिन्यांत योजनेचा एकही रुग्ण न घेतलेली किती, हे विचारा. पॅकेजचे दर परवडत नसले की रुग्णालय यादीतून बाहेर पडतंच असं नाही, ते फक्त 'बेड नाही' म्हणायला लागतं. आणि सिव्हिलमधले, शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयातले दावे खासगीपासून वेगळे काढा. सरकारी रुग्णालयाला दिलेला दावा म्हणजे सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा. त्यातून तिथली यंत्रं आणि औषधं सुधारली तर उत्तमच, पण तो बाहेर गेलेला खर्च म्हणून मोजायचा नाही.

ही माहिती तयार मिळत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करा, राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरा. उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत लागतो, म्हणून लांबलचक प्रस्तावना नको. मी असा मजकूर लिहितो:

'नाशिक जिल्ह्यातील अंगीकृत रुग्णालयांच्या दाव्यांबाबत, उपचाराच्या महिन्यानुसार, मागील तीन आर्थिक वर्षांची माहिती द्यावी: दाखल दावे, मंजूर, नामंजूर व प्रलंबित दावे यांची संख्या व रक्कम, शासकीय व खासगी असे वेगवेगळे, शिधापत्रिकेच्या रंगानुसार, तसेच १५, ६० व ९० दिवसांहून अधिक प्रलंबित रक्कम.'

घरचं खातं

देशपातळीवर यासाठी राष्ट्रीय आरोग्य लेखे आहेत. त्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात घरच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घसरण मोठी आहे आणि आनंदाची आहे. पण हा वाटा आहे, रुपये नव्हेत. शंभरातले ६४ घराने घातले, पुढे सरकारने आपला खर्च वाढवून एकूण १६० केला आणि घराचे ६४ तसेच राहिले, तरी वाटा ४० टक्क्यांवर येतो. घराला एक रुपयाही कमी लागलेला नसतो. शिवाय २०२१-२२ हे कोविड लसीकरणाचं वर्ष, सरकारी खर्च नेहमीपेक्षा वर गेलेला. त्यामुळे टक्केवारीसोबत माणशी रुपयेही बघा, आणि ते महागाई वजा करून.

या योजना मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि सुटीनंतरचे पंधरा दिवस केंद्राच्या योजनेत धरलेले आहेत. त्यापुढची मधुमेहाची, रक्तदाबाची, हृदयाची रोजची गोळी घरच्याच पैशांतून येते. घराचा खर्च तिथेच झिरपत राहतो. मग विम्याने घर वाचलं का, हे शोधताना दोन रकाने ठेवा: दाखल होण्याचा खर्च आणि वर्षभराच्या ओपीडी-औषधांचा खर्च. पहिला कमी होऊन दुसरा वाढत असेल, तर ते पुढच्या सुधारणेचं काम आहे, विम्याचं अपयश म्हणून नोंदवू नका.

आपल्या वस्तीत तीस घरांची पाहणी करा. गेल्या बारा महिन्यांत घरातलं कोणी दाखल झालं का, कुठे, योजनेतून की स्वतःच्या पैशाने, एकूण किती गेले, त्यातले प्रवास-जेवणाचे किती, बुडालेली मजुरी किती, आणि पैसे कुठून आणले. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. कर्ज, दागिना, जनावर किंवा जमीन, यातलं काही गेलं का ते हळुवारपणे विचारा. आरोग्यावरचा खर्च घराच्या वर्षाच्या एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांपुढे गेला तर ते घर संकटात, अशी जागतिक पातळीवर वापरली जाणारी रेघ आहे. तीस घरांवरून जिल्ह्याचा आकडा काढता येत नाही, पण सरकारी तक्ता आणि वस्तीचं वास्तव यांत फट आहे का, ते नक्की दिसतं. तोलायला एक जुना आकडा हाताशी ठेवा: २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे साडेचार हजार आणि खासगीत सुमारे बत्तीस हजार होता.

सातपूर-अंबडला पाहणी करणार असाल तर कामगार विम्याची घरं वेगळी ठेवा. त्यांच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात, त्यांना ओपीडीही मिळते, त्यांचा हिशेबच निराळा. आणि सुरगाणा किंवा पेठमधून दावे कमी आले तर ते लोक निरोगी आहेत असा अर्थ लावू नका. हृदय, मूत्रपिंड, कर्करोगाचे उपचार नाशिक शहराभोवती एकवटलेले आहेत. मजुरी बुडवून इथवर येणंच ज्याला परवडत नाही, त्याचा दावा कुठल्याच तक्त्यात येत नाही. खजिन्याच्या खात्यात तो बचत म्हणून दिसतो. मला या आकड्याची सर्वांत जास्त भीती वाटते.

गळती

यावर थोडक्यात. महालेखापरीक्षकांचा केंद्राच्या योजनेवरचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला, सप्टेंबर २०१८ ते मार्च २०२१ या काळाचा. त्यात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले, दहा वेळा नऊ असा तो क्रमांक. आधीच्या उपचारात मृत दाखवलेल्या रुग्णांच्या नावे पुन्हा उपचार झाल्याच्या नोंदीही सापडल्या. नोंदीतला ढिसाळपणा आणि लबाडी या वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींना एकच आकडा लावू नका. तुम्ही एवढंच बघा की पकडलेल्या रकमेतली वसूल किती झाली. दंड ठोठावल्याची बातमी येते, जमा झाल्याची येत नाही.

योजना नसती तर काय झालं असतं?

हा प्रश्न सोडून दिला की वरचे सगळे आकडे अधांतरी राहतात. उत्तर शोधायची चांगली वाट म्हणजे योजना आलेली आणि न आलेली शेजारची गावं. कर्नाटकात वाजपेयी आरोग्यश्री योजना २०१० मध्ये आधी उत्तरेच्या जिल्ह्यांत आली, तेव्हा संशोधकांनी सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची गावं तुलनेला घेतली. योजनेच्या गावांत गरीब घरांतले, योजनेत बसणाऱ्या आजारांचे मृत्यू कमी आढळले आणि दाखल होण्याचा खर्चही कमी. आपल्याकडे धुळे २०१२ ला आणि नाशिक २०१३ च्या अखेरीस आलं, त्या मधल्या सोळा महिन्यांकडे असंच बघता येईल. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय घ्यावा, अशी माझी फार इच्छा आहे.

आणि कोविडची वर्षं बाजूला ठेवा. इंडोनेशियाची राष्ट्रीय आरोग्य विमा योजना १ जानेवारी २०१४ ला सुरू झाली आणि २०१९ पर्यंत तुटीतच राहिली. २०२० मध्ये ती शिलकीत आली. वर्गणी वाढवली होती हे खरं, पण त्याच वर्षी लोक रुग्णालयात जायला घाबरत होते. दोन्ही कारणं वेगळी न करता ते वर्ष यशाचं म्हणून मोजलं असतं, तर पुढचा अंदाज साफ चुकला असता.

निकाल काढताना

मी लागोपाठ तीन वर्षांचे आकडे एका पानावर लिहितो आणि चार गोष्टी बघतो. कुटुंबामागचा खर्च, कार्डाच्या रंगानुसार, राज्याच्या महसुलापेक्षा वेगाने वाढतोय का. साठ दिवसांपुढची थकबाकी आटतेय का. दाखल झालेल्या घरांतली कर्ज काढणारी घरं कमी होताहेत का. आणि पेठ-सुरगाण्याचे हजारी दावे शहराच्या प्रमाणाजवळ येताहेत का. खजिन्याचा खर्च वाढला पण घरचा त्याहून जास्त उतरला, तर मी योजनेला पास करतो, कारण ती त्यासाठीच काढली होती. खजिन्याचा उतरला आणि घरचा चढला, तर नापास, शिल्लक कितीही दिसो. दोन्ही उतरले तर खुश होण्याआधी रुग्णालयाची थकबाकी पुन्हा एकदा बघतो.

पहिल्या वर्षी एवढंच करा: तारखांचं पान, एक माहिती अधिकाराचा अर्ज, तीस घरं. घरांचे पत्ते नकोत, नुसते क्रमांक लिहा, पण कुठलं घर कुठल्या क्रमांकाचं ते तुमच्या लक्षात राहू द्या. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच तीस घरांत पुन्हा जायचं आहे. माझ्या वहीत पहिला क्रमांक कळवणच्या वहिनीचा आहे, आणि तिचे हातउसने अजून बारा हजार फिटायचे आहेत.